उपडा प्याला

१

महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा, आणि त्याच्या आदल्या दिवशीची दुपार मुक्ताबाई रणपिशांची. नारायण पेठेतल्या त्या लहानशा चर्चमध्ये हे इतकं ठरून गेलं होतं की शनिवारी जेवणानंतर तिकडे दुसरं कोणी फिरकत नसे. फिरकलंच तर मुक्ताबाई त्याला काहीतरी काम लावत, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

वेदीमागे एक अरुंद खोली होती. एक करडं कपाट, एक मोरी, भिंतीशी लहानसं टेबल, एक खुर्ची आणि अंगणाकडची खिडकी, एवढाच तिचा पसारा. मुक्ताबाई आत शिरल्या की दाराला आतून कडी घालत, कारण आवारातल्या मांजरांना धर्म नसतो. मग कपाटातून काचेचे बोटभर उंचीचे प्याले काढायचे, गरम पाण्याने धुवायचे, पुसायचे, थाळीतल्या खाचांमध्ये एकेक बसवायचे. थाळीवर स्टीलचं झाकण, त्यावर सासूबाईंनी विणलेलं पांढरं मेजवस्त्र, आणि मग सगळं उद्यापर्यंत कपाटात बंद. पाव आणि द्राक्षरस यांचं काम रविवारी सकाळी.

या मंडळीत एक रिवाज होता. दुसरीकडे कुठे आहे की नाही, देव जाणे. महिन्याभरात मंडळीतलं कोणी वारलं तर पुढच्या प्रभुभोजनाला थाळीच्या कडेचा एक प्याला उपडा ठेवायचा. थाळी बाकांमधून फिरताना लोकांची बोटं त्या प्याल्याशी क्षणभर थबकत आणि शेजारचा उचलत. त्यापुढच्या महिन्यात प्याला पुन्हा सुलटा. गेलेल्याचं दुःख चारचौघांत महिनाभर पुरे, उरलेलं आपापल्या घरी करावं, असा तो पुणेरी हिशेब होता.

हा हिशेब एकट्या मुक्ताबाईंनी मोडला होता. त्यांची एकुलती एक शेफाली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मेंदूज्वराने आठवड्याभरात गेली, आणि तिचा प्याला उपडा झाला तो आजतागायत उपडाच होता. नवीन आलेला प्रत्येक पाळक एकदा तरी विचारायचाच. मुक्ताबाईंचं उत्तर ठरलेलं.

"ती उठेल त्या दिवशी सुलटा करीन."

यावर कुठला पाळक काय बोलणार? शेवटच्या दिवशी मेलेले उठतील हे तर त्यांनीच व्यासपीठावरून सांगितलेलं. मुक्ताबाईंनी ते मनापासून ऐकलं होतं, एवढाच फरक. शेफाली उठेल, तिच्या हनुवटीवरच्या खुणेसकट उठेल, आणि मला बघून ओळखेल, या एका भेटीवर त्या उभ्या होत्या. ती गेली तेव्हा शेजारच्या एका बाईंनी समजूत घालायला म्हटलं होतं, परत येईल हो कुणाच्या तरी पोटी. मुक्ताबाई म्हणाल्या, "माझी मुलगी म्हणजे बस नाही, एक गेली तर मागून दुसरी येईल म्हणायला." त्या बाई पुन्हा समजूत घालायला आल्या नाहीत.

२

मुक्ताबाईंचं घर सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. यजमान गेल्यावर आतली खोली त्या नोकरी करणाऱ्या मुलींना देत. गेल्या वर्षी तिथे उत्कर्षा आली. यवतमाळकडची, हिंजवडीतल्या आयटी कंपनीत कामाला, पण आठवड्यातले बरेच दिवस खोलीतच लॅपटॉप उघडून बसलेली. तिने भिंतीशी छोटा गणपती मांडला आणि चालेल ना म्हणून विचारलं. मुक्ताबाई म्हणाल्या, तू तुझा दिवा लाव, मी माझी प्रार्थना करते, फक्त दोघींचे आवाज एका वेळी नकोत.

पोर गुणी होती. मुक्ताबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले तशी तीच शनिवारी त्यांची पिशवी उचलून चर्चपर्यंत येऊ लागली. पहिल्याच दुपारी तिने थाळीकडे पाहिलं, "हा एक उलटाच राहिला न काकू," म्हणाली आणि कडेचा प्याला सुलटा करून ठेवला.

मुक्ताबाईंनी तो पुन्हा उपडा केला. राहू दे, तो तसाच असतो, इतकंच म्हणाल्या. टापटिपीची आवड असेल पोरीला, म्हणून सोडून दिलं.

पुढच्या महिन्यात उत्कर्षाने तो पुन्हा सुलटा केला. नंतर हसली आणि म्हणाली, सॉरी काकू, हाताच्या लक्षातच राहत नाही.

३

मेजवस्त्राच्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग आहे. शेफाली अकरा वर्षांची असताना द्राक्षरसाची बाटली तिच्या हातून कलंडली, त्याचा. धुण्याने तो गेला नाही, तेव्हा मायलेकींनी घडीच अशी बसवली की डाग आत जावा. चारपदरी घडी सोडून तीनपदरी, आणि डागाचा कोपरा दोनदा मुडपून आत खोचायचा. खोचून झाला की शेफाली त्यावर हलकेच फुंकर मारायची. उगाच आपली. लोकरीचा धागा-बिगा उडावा म्हणून म्हणायची, पण कापडाला लोकर कुठली? ही घडी मायलेकींखेरीज कोणाला ठाऊक नव्हती, आणि शेफाली गेल्यापासून ती घालणाऱ्या मुक्ताबाई एकट्याच होत्या.

एका रविवारी उपासना संपल्यावर मुक्ताबाई मोरीशी प्याले विसळत होत्या. उत्कर्षा पिशवी न्यायला आली होती. तिच्या कंपनीचं काहीतरी त्याच दिवशी चालू व्हायचं होतं, त्यामुळे कानात इअरफोन आणि तोंडाने अखंड इंग्रजी. सर्व्हर, टीम, पाच मिनिटं द्या. बोलता बोलता तिने टेबलावरचं वस्त्र ओढलं. नजर खिडकीबाहेर, बोलणं कोणा बंगळूरच्या माणसाशी.

हातांनी तीन पदर घातले. डागाचा कोपरा मुडपला, पुन्हा मुडपला, आत खोचला.

मग तिने फुंकर मारली, आणि बंगळूरच्या माणसाला म्हणाली, नाही नाही, काही नाही, बोला.

मुक्ताबाईंच्या हातांवर नळ वाहत राहिला. पाणी वाया घालवणाऱ्यांवर जन्मभर डाफरलेली बाई, पण त्यांना तो बंद करायचं सुचलं नाही.

४

घरी येऊन त्यांनी बुद्धीला कामाला लावलं. मुलीने आपल्याला कधीतरी घडी घालताना पाहिलं असणार. असणार नाही, पाहिलंच. तरुण डोळे, टिपून घेतात. फुंकरीचं काय? फुंकर कोणीही मारतं. चहावर मारतात, पुस्तकावर मारतात, जखमेवर मारतात. असं सगळं नीट बसलं. फक्त ती फुंकर आपण स्वतः कधीच मारत नाही, तेव्हा तिने पाहिली कुणाची, एवढ्या एका ठिकाणी बुद्धी अडली, आणि तिथून पुढे जाईना.

उत्कर्षाचं वय आणि शेफालीला जाऊन झालेली वर्षं यांचा मेळ त्यांनी मनात एकदा घालून पाहिला. पुन्हा घालायचा नाही असं ठरवलं.

पुढच्या महिन्यातल्या शनिवारी त्या एकट्याच गेल्या. उत्कर्षाला म्हणाल्या, तुझं काम आहे, तू बस. प्याले लावले, कडेचा उपडा केला, बोटाने दाबून पाहिला. झाकण, वस्त्र, कपाट, कुलूप. किल्ली बटव्यात आणि बटवा उशाखाली. सकाळी निघाल्या तेव्हा उत्कर्षा पांघरूण डोक्यावर घेऊन गाढ झोपलेली होती. मुक्ताबाईंनी दारातून तिचा श्वास ऐकला आणि मगच पायांत चपला सरकवल्या.

कपाट उघडलं. वस्त्र काढलं. झाकण उचललं.

कडेचा प्याला सुलटा होता.

पहिल्यांदा त्यांना स्वतःचीच शंका आली. या वयात माणसं गॅस बंद करायला विसरतात, नवऱ्याचं नाव विसरतात, मग प्याल्याचं काय? त्यांनी प्याला उचलून खिडकीच्या उजेडात धरला. आत काही नव्हतं. पण इतर प्याले रात्रभर कपाटात राहून गार पडलेले, आणि हा हाताला कोमट लागला. आताच कुणीतरी मुठीत धरून खाली ठेवावा इतका कोमट. त्यांनी तो उपडा केला, पण या वेळी हलक्या हाताने, निजलेल्या लेकराची कूस बदलावी तसा.

५

त्यानंतरच्या एका संध्याकाळी दोघी चहा पीत बसल्या होत्या. उत्कर्षाने सहज विचारलं, चर्चमधलं ते कपाट आधीपासून करड्याच रंगाचं आहे का?

मुक्ताबाईंनी विचारलं, का गं?

"काही नाही हो काकू. लहानपणापासून मला एक स्वप्न पडते. अशीच खोली, द्राक्षांचा वास, काचा वाजतात बारीक बारीक. एक बाई पाठमोरी उभी राहते आणि मी तिच्या कमरेएवढी. ती वळाले लागली की जाग येते. चेहरा कधीच दिसला नाही." तिने बिस्कीट बुडवलं. "आईनं गंडा बांधला, डॉक्टरलेही दाखवलं. तुमची ती खोली पाहून मी दचकलीच होती. पण स्वप्नातलं कपाट हिरवं आहे, हिरवंगार. मग बरं वाटलं, म्हटलं ही ती नाही."

मुक्ताबाईंनी बशी खाली ठेवली. चहा निवतोय, पी, असं म्हणाल्या. शेफाली गेल्याच्या पुढच्या वर्षी मंडळीने वर्गणी काढून खोली रंगवली, तेव्हा ते कपाट करडं झालं होतं. त्याच्या बिजागरीत अजून हिरवा रंग आहे. त्या दर महिन्याला तिथलं तेल पुसतात.

आधी त्यांना आनंद झाला, खोटं कशाला सांगायचं. इतका की पोरीचं डोकं छातीशी धरावं असं वाटलं. अकराव्या वर्षी डाग पाडून रडणारं तेच डोकं. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ भीती आली, ती कशालाच हटेना. ही जर शेफाली असेल, तर वर कोण आहे? इतकी वर्षं आपण रोज सकाळी कोणाला सांगत आलो की थांब, मी येते? दफनभूमीतल्या त्या मातीतून शेवटच्या दिवशी जी उठेल, ती कोणाची लेक म्हणून उठेल? हिला तर यवतमाळला तिची आई आहे, रोज रात्री फोन करणारी, जेवलीस का विचारणारी. भेट व्हायची ती होऊन गेली आणि आपण तिला पिशवी उचलायला लावली, असं तर नव्हे?

समोर बसलेली मुलगी मिळवायची तर वाट बघणारी मुलगी गमवायची. दोन्ही हातांत एकच लेक कशी धरणार?

६

पाळकसाहेब आमोद चक्रनारायण वयाने तरुण, नगरकडचे. मुक्ताबाईंना ते थोडे वचकून असत, पण ऐकून घेण्यात उणे नव्हते. मुक्ताबाईंनी सगळं सांगितलं. प्याल्याचा कोमटपणासुद्धा सांगितला.

त्यांनी आधी शास्त्रातलं दिलं, ते द्यायलाच हवं होतं. माणसाने मरायचं एकदाच, मग न्याय. जन्मांच्या फेऱ्याला आपल्यात जागा नाही. मुक्ताबाई म्हणाल्या, हे मी रविवारच्या शाळेत मुलांना तुमच्या जन्माआधीपासून शिकवतेय. पण मग जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी प्रभूला विचारलंच ना, की याच्याच पापाने हा आंधळा जन्मला का? जन्माआधी पाप करायला तो होता कुठे? प्रभूने त्यांना नाही म्हटलं, पण प्रश्न वेडा आहे असं काही म्हटलं नाही. आणि जुन्या काळचा संदेष्टा परत येणार असं लोक म्हणत होते, तेव्हा तो येऊन गेला, तुम्हीच ओळखला नाहीत, असं प्रभूखेरीज कोण म्हणालं?

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. त्याचे अर्थ वेगळे लावतात, म्हणाले. सांगायला लागले, आणि मध्येच थांबले.

"मुक्ताबाई, आपण माझ्याशी वाद जिंकायला आला आहात का?"

"नाही. हरायला आलेय. तुम्ही मला हरवा, म्हणजे मी घरी जाऊन झोपेन."

ते म्हणाले, "मला जे शिकवलं ते मी सांगितलं. त्यापलीकडचं मला खरोखर माहीत नाही. प्याला कोमट होता म्हणालात, त्याचीच मला भीती वाटतेय." आणि त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. तिच्यात मागणं काहीच नव्हतं, नुसतं देवाचं नाव होतं.

७

हरायला गेलेली बाई न हरता परतली, तेव्हा तिने आपणच निर्णय घेतला. मुक्ताबाईंनी उत्कर्षाला सांगितलं की भाचा यायचाय, खोली लागेल. भाचा दुबईला होता आणि येण्याचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. वर वाट बघणारी लेक त्यांनी खरी धरली. तिच्याशी त्यांचा जुना शब्द होता, आणि शब्द मोडायची घराण्यात पद्धत नव्हती.

उत्कर्षा हिरमुसली, पण कारण विचारलं नाही. कर्वेनगरला ऑफिसातल्या मैत्रिणीकडे जागा मिळाली. रविवारी दुपारी टेम्पो येणार होता. जाण्याआधी सकाळचा पाव मीच आणते काकू, म्हणाली, शेवटचा.

त्या रविवारी मुक्ताबाई लवकर पोचल्या. दाराला कडी घातली, खिडकी उघडली. कोवळं ऊन मोरीपर्यंत आलं होतं. कपाट उघडलं, वस्त्र ओढून तसंच चुरगळलेलं मागच्या खुर्चीवर टाकलं. आज घडी घालायला हात उठत नव्हता. झाकण काढून समोर भिंतीला टेकवलं. कडेचा प्याला आज उपडा होता, शनिवारी ठेवला तसाच. त्यांनी मान हलवली. बरोबर आहे. जायला निघालेलं माणूस वस्तूंना हात लावत नाही.

त्या द्राक्षरस ओतायला लागल्या. बाटलीचं तोंड काचेला लागून बारीक आवाज होत होता. एक प्याला, दुसरा प्याला. खोलीभर वास पसरला.

मागे कापड सळसळलं.

मुक्ताबाईंचा हात थांबला. वारा असेल. पण खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. पुन्हा सळसळ. एक पदर. दुसरा. तिसरा. मग काहीतरी मुडपल्याचा, खोचल्याचा आवाज, जो दुसऱ्या कोणाला आवाज म्हणून कळलाही नसता.

समोरच्या झाकणात काहीतरी होतं. फुगीर स्टील ते, त्यात माणूस मडक्यासारखा दिसतो. त्यांना स्वतःचा खांदा दिसत होता, आणि खांद्याच्या मागे, कमरेएवढ्या उंचीवर, काहीतरी पांढरं. फ्रॉक म्हणा, वस्त्र म्हणा. त्याच्या वर एक काळी रेघ, वेणीसारखी.

वळावं असं त्यांना प्राण जाईतो वाटलं, आणि त्या वळल्या नाहीत. ती वळली की जाग येते, हे त्यांनी ऐकलं होतं.

भीती आता निराळी होती. पहाटे डोंगरमाथ्यावर पोचून खाली दरी दिसावी तशी. सगळ्या वर्षांचा एकच प्रश्न त्यांनी मोठ्याने विचारला, कपाटाकडे तोंड करून.

"मग तिकडे कोण आहे गं?"

"मी," मागून आवाज आला, अगदी जवळून.

आणि त्याच क्षणी अंगणातून, खिडकीखालून, "मी आहे काकू."

मागचा आवाज शेफालीचा होता. बाहेरचा उत्कर्षाचा होता. उत्कर्षाने खिडकीतून "कोण आहे" ऐकलं आणि उत्तर दिलं, यात नवल काही नाही. पण दोन्ही आवाज एका श्वासात आले होते, आणि त्यांतला आधीचा कुठला, हे मुक्ताबाईंना सांगता आलं नाही. ते दोन होते हेच त्यांना पुढे छातीवर हात ठेवून सांगता येईना.

मग अगदी हलकी फुंकर ऐकू आली.

आता मुक्ताबाई वळल्या. खोलीत कोणी नव्हतं. दाराची कडी आतून घातलेली होती. खुर्चीवर मेजवस्त्र तीन पदरी घडी घालून ठेवलं होतं, डागाचा कोपरा आत खोचलेला, आणि त्याच्या वर, उन्हाच्या पट्ट्यात, पांढऱ्या धाग्याचा एक तुकडा अजून तरंगत होता. तो खाली बसेपर्यंत मुक्ताबाई बघत राहिल्या. त्या रडत होत्या, आणि आपण रडतोय हे त्यांना ओठांवर खारट लागल्यावर कळलं.

इतकी वर्षं त्यांनी देवाला एका दाराचं घर समजलं होतं.

त्यांनी कडी काढली. उत्कर्षा पायरीवर उभी होती, दोन्ही हातांत पावाची पिशवी, कपाळावर घाम. मुक्ताबाई तिच्याकडे समोरून, डोळे भरून बघत राहिल्या. उत्कर्षाही बघत राहिली. तिच्या कपाळावर एक आठी आली, काहीतरी ओठांवर येऊन अडल्यासारखी.

"जाग आली का?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"मी जागीच आहे काकू," ती गोंधळून म्हणाली. "पाव आणलेत."

मुक्ताबाईंनी तिच्या हातातून पिशवी घेतली. टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांग, भाच्याचं काही खरं नाही, म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी कडेचा प्याला स्वतःच्या हाताने सुलटा केला. तो कोमट होता. त्यांनी तो काठोकाठ भरला आणि थाळीत जागेवर ठेवला.